दफनभूमी वाचवायची तर आधी नोंदवही उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींच्या दुरवस्थेचा विषय वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतो. माजलेले रान, फुटलेले क्रूस, उपटून नेलेली शिशाची अक्षरे यांची छायाचित्रे छापून येतात आणि पुढच्या रविवारी कुणीतरी मंडळी विळे, खराटे आणि ॲसिडचे कॅन घेऊन साफसफाईला उतरतात. तळमळ खरी असते. पण ॲसिडने संगमरवराचा वरचा थर जातो, त्याबरोबर उथळ कोरलेली अक्षरे जातात आणि ते नाव त्या दगडाखेरीज कुठेच लिहिलेले नसेल तर ते कायमचे पुसले जाते. म्हणून या कामात उतरू पाहणाऱ्या सगळ्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे, की दगडाला हात सर्वांत शेवटी लावा. आधी दफनाची नोंदवही, मग नकाशा, मग छायाचित्रे, त्यानंतर गवत आणि अगदी शेवटी दगड.

नोंदवही आधी का, तर पुष्कळशा कबरींवर दगड कधी बसलाच नाही. ज्यांना दगड घडवून घेणे परवडत होते त्यांचे दगड उरले. बाकीच्यांच्या डोक्याशी लाकडी क्रूस रोवला जायचा आणि आपल्याकडच्या वाळवीपुढे, पावसापुढे लाकूड फार वर्षे टिकत नाही. बटलर, आया, रेल्वेतले फिटर, मिशनच्या शाळेतले मास्तर, साथीत गेलेली तान्ही मुले यांचा ठावठिकाणा आता फक्त वहीत आहे. १८९७चा प्लेग किंवा १९१८चा इन्फ्लुएन्झा पुण्याच्या ख्रिस्ती वस्त्यांवर कसा कोसळला हे कुणाला अभ्यासायचे असेल, तर त्या वर्षांची पाने हाताशी हवीत. जिथे मृत्यूच्या कारणाचा रकाना भरलेला आहे तिथे तर ही वही वैद्यकीय दस्तऐवजच ठरते.

खडकीच्या युद्ध दफनभूमीसारखी निगा इतर ठिकाणी का राखली जात नाही, असे पुष्कळ जण विचारतात. ती दफनभूमी राष्ट्रकुल युद्धकबर आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) सांभाळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. त्यावर १,८००हून अधिक नावे आहेत आणि त्यांतल्या ६२९ सैनिकांचे अवशेष मार्च १९६२मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून इथे आणलेले आहेत. भारतातल्या आणि आजच्या पाकिस्तानातल्या नागरी व छावणी (कँटोन्मेंट) दफनभूमींत पुरलेले, पण ज्यांच्या कबरींची देखभाल पुढे शक्य राहिली नाही असे हे सैनिक. त्यांच्या कबरी राखता आल्या नाहीत, तरी नाव, हुद्दा, पलटण आणि तारीख यांची यादी शाबूत होती म्हणून नावे दगडावर आली. पुण्याच्या साध्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी असा कुठलाही आयोग नाही. चर्चच्या कपाटातली वही एवढाच त्यांचा आधार आहे.

या आयोगाचा एक उपयोग मात्र लक्षात ठेवावा. सेवेत असताना ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात वारलेला सैनिक आयोगाच्या कक्षेत येतो. नागरी दफनभूमीत या तारखांमधली सैनिकाची कबर सापडली तर त्याचे नाव आयोगाच्या ऑनलाइन यादीत शोधावे. नसेल, तर छायाचित्र आणि वहीतली नोंद जोडून कळवावे.

इंग्रजी अमदानीतल्या नोंदींची एक प्रत विलायतेत आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. मुंबई इलाख्यातले पाद्री बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला वरिष्ठांकडे पाठवत आणि त्या पुढे लंडनला जात. १७०९ ते १९४८ या काळातले हे खंड ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. त्यामुळे एखाद्या गोऱ्या सार्जंटची पुण्यातली नोंद वाळवीने खाल्ली तरी ती तिथे सापडण्याची आशा असते. मराठी मंडळ्यांच्या (मराठी भाषिक चर्चच्या) नोंदी मात्र या नकलांत सर्रास गेलेल्या नाहीत. तेव्हा इंग्रजी वह्यांपेक्षा मराठी वह्यांची घाई जास्त आहे, कारण तिथे बहुधा एकच प्रत आहे. एकुलती एक प्रत असली की काय होते, ते १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांनी पाहिले आहे.

आता वही हाताळण्याविषयी. जुनी शाई लोहयुक्त असते, ती आम्लधर्मी असल्याने अक्षराच्या जागी कागद तपकिरी पडतो आणि शेवटी तिथेच तुटतो. असे पान सेलोटेपने चिकटवू नये. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग तो निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आत कोंडलेले आम्ल कागद खात राहते आणि प्लॅस्टिक परत सोडवता येत नाही. हळुवार कुंचल्याने शिवणीकडून बाहेरच्या बाजूला धूळ काढावी, सुटी पाने आहेत त्याच जागी आम्लमुक्त कागदात ठेवावीत आणि वही आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवावी. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेले असेल तर चार बोटे पुढे ओढावे, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. बुरशी धरलेली वही बाकीच्यांपासून लगेच वेगळी करावी आणि मास्क लावल्याशिवाय उघडू नये. फाटलेल्या पानांची डागडुजी कागदसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच व्हावी. पुण्यात हस्तलिखिते सांभाळणाऱ्या संस्था आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळासारखी तर १९१०पासूनची. निदान सल्ला तरी तिथे विचारावा.

छायाचित्रण फार खर्चाचे नाही. सपाट स्कॅनरवर वही पालथी दाबली की पाठीची शिवण जाते, म्हणून कॅमेरा वर आणि वही खाली अशीच मांडणी हवी. कॅमेरा स्टँडवर लेन्स सरळ खाली करून बसवायचा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एकसारखे दोन दिवे लावायचे, फ्लॅश बंद ठेवायचा. वहीच्या दोन्ही पुठ्ठ्यांखाली फोमचे उतरते ठोकळे द्यायचे, म्हणजे ती पूर्ण सपाट न उघडताही पान कॅमेऱ्यासमोर येते. फुलस्केप आकाराची उघडी वही २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका फोटोत ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) आसपास बसते. शाई फिकी असेल तर एकेका पानाचा वेगळा फोटो घ्यावा. पुठ्ठा, कोरी पाने, समासातल्या टिपा, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या यांतले काहीही वगळू नये. कोरे पान सोडले तर पुढे कुणीतरी ‘हे पान फाडले असावे’ असा संशय घेणार हे नक्की. एक फोटो टिफमध्ये (चित्र न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये) सुमारे ७२ एमबीचा होतो, म्हणजे ४०० पानांची वही पान-पान घेतल्यास २९ जीबीच्या आसपास. त्याच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. चर्चच्या एकाच संगणकावर ठेवलेली प्रत ही प्रत धरता येत नाही.

फोटोंवरून नोंदींची यादी टंकताना सगळ्यांत जास्त घोळ तारखांचा होतो. एक्सेलला १९००च्या आधीच्या तारखा तारीख म्हणून कळत नाहीत आणि नंतरच्या तारखांत दिवस-महिन्याची अदलाबदल होऊ शकते. म्हणून वर्ष, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने करावेत. नावासाठीही दोन रकाने हवेत: एकात वहीत जसे लिहिले आहे तसेच, चुकीच्या स्पेलिंगसह, आणि दुसऱ्यात शोधायला सोयीचे रूप देवनागरीत. गायकवाड, साळवे, शिंदे ही आडनावे इंग्रज पाद्र्यांनी कानाला आली तशी लिहिली आहेत आणि देवनागरी रकाना नसेल तर नातवंडांना पणजोबा सापडणार नाहीत. पुष्कळ बायकांची नोंद नुसती ‘अमक्याची बायको’ अशी असते. तिथे नवऱ्याचे नाव बायकोच्या रकान्यात ढकलू नये, नात्याचा रकाना वेगळा ठेवावा. प्रत्येक पान दोघांनी एकमेकांचे न बघता टंकावे आणि तिसऱ्याने फरक तेवढे मूळ फोटोशी ताडून पाहावेत. वाचता न आलेले अक्षर अंदाजाने भरू नये, चौकटी कंसात टिंबे द्यावीत.

यादी चालू असतानाच जागेचा नकाशा हाती घेता येतो. मोबाइलच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नये. झाडांखाली त्यात पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो आणि दोन कबरींत अंतर जेमतेम एक मीटरचे असते. फाटकाच्या खांबापासून किंवा चौकीच्या कोपऱ्यापासून, म्हणजे न हलणाऱ्या खुणेपासून, सुतळीची एक सरळ आधाररेषा टाकावी. ३० मीटरच्या टेपने त्या रेषेवरचे अंतर आणि रेषेपासून काटकोनातले अंतर असे दोन आकडे प्रत्येक कबरीसाठी घ्यावेत. १० बाय १० मीटरचे चौकोन पाडून त्यांना अक्षरे आणि आतल्या कबरींना आकडे द्यावेत. हा क्रमांक रंगाने दगडावर लिहू नये, तो नकाशात आणि फोटोतल्या पाटीवर असला की पुरे. बहुतेक ख्रिस्ती कबरी पूर्व-पश्चिम असतात, पाय पूर्वेला. गवताखाली दगड नसलेली कबर ओळखताना ही दिशा आणि जमिनीचा किंचित खचलेला लांबट आकार उपयोगी पडतो.

दगडावरचा झिजलेला लेख वाचायला खडू, पीठ, कोळसा किंवा दाढीचा फेस फासणारे लोक आहेत. यांतले काही दगडाच्या छिद्रांत अडकते, काही त्यावर बुरशी वाढवते. त्याऐवजी सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, ऊन तिरपे असताना, साधा दोन-अडीच फुटी आरसा धरून दगडाच्या बाजूने उजेड फिरवावा. अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि समोरून सपाट दिसणारी ओळ उमटून येते. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरपी धरली तरी हेच होते. संगमरवरातली शिशाची अक्षरे चोरीला गेली असली तरी ती बसवण्यासाठी पाडलेली भोके राहतात. ती भोके टिपून त्यांवरून अक्षर जुळवता येते. लेख ओळीमागून ओळ, आहे तसाच उतरावा.

मग दगड आणि वही यांची सांगड. इथे उतावळेपणाने बरोबर असलेल्या नोंदी ‘दुरुस्त’ केल्या जातात. दगडावर बहुधा मृत्यूची तारीख असते आणि वहीत दफनाची. आपल्या हवामानात दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होई, त्यामुळे एका दिवसाचा फरक ही चूक नाही. जुन्या इंग्रजी लेखांत ‘वयाच्या ३४व्या वर्षी’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ पूर्ण झालेली वर्षे ३३. वहीत ३३ आणि दगडावर ३४ दिसले तर दोन्ही खरे आहेत. पलटणीने उभारलेल्या एका खांबावर दहा नावे असली तरी ते सगळे त्याच खांबाखाली असतील असे नाही, काहींचे दफन भलतीकडेच झालेले असते. आणि जागेच्या टंचाईमुळे जुनी कबर उकरून पुन्हा वापरली जाते, तेव्हा एका क्रमांकाला दोन-तीन नोंदी लागू शकतात. यादीत त्याची सोय पहिल्यापासून ठेवावी.

गवत आणि झाडे काढताना घाई नको. गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो, मुलांना या कामाला लावू नये. दगडाच्या एक फूट परिघात मशीन चालवू नये, नायलॉनची दोरी संगमरवराच्या कडा टवके काढून ठेवते, तिथे विळाच बरा. काढलेला पाला कबरींच्या मध्ये पेटवणे हा तर शुद्ध अपराध आहे: आगीने बेसॉल्टचे पापुद्रे सुटतात आणि संगमरवर भुसभुशीत होतो. घोणस आणि नाग अशा जागी असतातच, म्हणून आधी काठीने गवत हलवावे, गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि सर्पमित्राचा नंबर हाताशी ठेवावा. थडग्यातून उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, त्याच्या मुळांबरोबर विटा येतात. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच ग्लायफोसेट हे तणनाशक लावावे, मूळ वाळायला काही महिने द्यावेत आणि मग तुकड्या-तुकड्याने काढून भेग चुन्याने भरावी. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेची किंवा छावणीची लेखी परवानगी लागते.

दगड धुवायचाच असेल तर स्वच्छ पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरे. खालून वर भिजवत जावे, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. शेवाळ बांबूच्या कामटीने सोडवावे. तारेचा ब्रश, ब्लीच, कपड्याची पावडर, प्रेशर पंप यांतले काहीही नको. दगड पोकळ वाजत असेल किंवा त्याचे पापुद्रे निघत असतील तर पाणीसुद्धा लावू नये. २ नोव्हेंबरच्या सर्व मृतांच्या दिवसाआधी घरोघरची मंडळी कबरी सजवायला येतात. चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याचाच हात देणे योग्यच आहे. ऑइलपेंट मात्र देऊ नये, त्याखाली ओल कोंडून गिलावा फुगतो. मेणबत्त्या थेट संगमरवरावर न लावता मातीच्या पणतीत किंवा पत्र्याच्या ताटलीत लावाव्यात.

डागडुजीत सिमेंटने फार नासधूस केली आहे. जुनी थडगी विटा आणि चुन्याची आहेत. त्यांतून ओल आत-बाहेर जाते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ती ओल विटेतून निघू पाहते, बरोबर क्षार आणते आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचे कवच विटेचा चेहरा घेऊन गळून पडते. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, हवी तर वाळूतल्या थोड्या भागाऐवजी सुरकी (विटांची पूड), आणि वरून ओले गोणपाट निदान आठवडाभर, एवढे सांभाळले तर काम टिकते. ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावे, उन्हाळ्यात चुना भरभर सुकून भेगाळतो. क्रूस जोडणाऱ्या लोखंडी खिळ्या गंजून फुगतात आणि दगड आतून फोडतात. त्यांच्या जागी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. पडलेला दगड चार जणांनी हाताने उचलू नये. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार इंच जाड संगमरवर जवळजवळ पावणेचारशे किलो भरतो. तिपाई आणि चेनब्लॉक (साखळीची कप्पी) असेल तरच तो हलवावा, नसेल तर लेख वर करून आहे तिथेच राहू द्यावा.

हे सगळे करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हेही आधी पाहावे. छावणी हद्दीतली जमीन असेल तर जनरल लँड रजिस्टरचा (छावणीतल्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीचा) उतारा, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, आणि विश्वस्त संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा परिशिष्ट एकचा (संस्थेच्या नोंदणीचा) उतारा मिळवावा. कुंपण हलले आहे का, हे या कागदांवरूनच सिद्ध होते. दफनभूमीत घुसून विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. तक्रार देताना तारखेसह आधीचा फोटो आणि नकाशातला क्रमांक जोडला तर पोलिसांना पंचनामा नेमका करता येतो.

चर्च कमिट्यांना आमची विनंती आहे, की १९५०च्या आधीच्या वह्या तरी छायाचित्रणासाठी खुल्या कराव्यात. वही चर्चच्या बाहेर नेऊ नये, कॅमेरा आत आणावा, काम पाळकांच्या किंवा फादरांच्या समोर व्हावे. अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींतले मृत्यूचे कारण आणि पत्ते जाहीर यादीत घेऊ नयेत. नगरसेवक, आमदार आणि छावणी प्रशासन यांना विनंती अशी, की दफनभूमीसाठी निधी मंजूर झाला तर निविदेत तीन अटी घालाव्यात. कामाआधी प्रत्येक कबरीचा क्रमांकासह फोटो आणि नकाशा जमा व्हावा, जुन्या थडग्यांवर सिमेंट, पेव्हर ब्लॉक आणि ऑइलपेंट वापरण्यास मनाई असावी, आणि पाडायचा किंवा हलवायचा कोणताही दगड आधी यादीशी ताडून लेखी संमतीनेच हलवावा. पहिली अट पूर्ण झाल्याशिवाय ठेकेदाराला कामाचा आदेश देऊ नये.

आपले,
जुन्या दफनभूमींच्या नोंदणीचे काम करणारे काही नागरिक,
पुणे